लिझबेट वेंडेलची काथवट

आई-बाबा दगडांच्या मुलखातले. डाल्मेशियाच्या डोंगरांमागे चार ओंजळी माती सापडली, की तिला दगडांचा गडगा घालायचा आणि शेत म्हणायचं. दुसरी मोठी लढाई संपल्यावर सरकारनं जाहीर केलं, की तिकडे स्लावोनियात घरं रिकामी आहेत, जमीन पडून आहे, जायचं त्यांनी जावं. सेहेचाळीसच्या वसंतात दोघं दुदोवोच्या स्टेशनवर उतरले. बाबांनी रुळांच्या कडेची काळी माती मुठीत घेतली, हुंगली आणि आईला म्हणाले, "याका, ह्यात फावड्याचा दांडा रोवला तरी पालवी फुटेल बघ."

त्यांना मिळालेलं घर तुतीच्या झाडांच्या रांगेत होतं. लांबुडकं, रस्त्याकडे अरुंद तोंड, मागे अंगण, गोठा आणि परसात स्वयंपाकाची वेगळी खोली. दर्शनी भिंतीवर चुन्यात उठवलेलं नाव होतं: वेंडेल. बाबांनी त्यावर चुना फासला. ओल धरली की अक्षरं पुन्हा वर यायची. बाबा पुन्हा फासायचे.

परसातल्या खोलीत पावाची भट्टी होती आणि खिडकीखाली मोठी लाकडी काथवट. काथवटीत कणीक तशीच राहिलेली होती, वाळून दगड झालेली. तिच्यावर चार बोटांचे ठसे होते. आईनं गरम पाणी ओतलं, दिवसभर भिजू दिलं आणि खरवडून काढलं. ठसे पुसताना हात अडला होता, असं ती सांगायची. पण पाव तर करायला हवा होता.

आणि पाव काही होईना. आमच्या डोंगरात जवाच्या पिठाची भाकर निखाऱ्यात लोखंडी झाकणाखाली भाजायची, एवढंच तिला ठाऊक. इथे खमीर घालायचं, गहू फुगवायचा. तिचा पाव भट्टीतून यायचा तो विटेसारखा. शेजारची मार्गा, जन्मापासून दुदोवोची, कुंपणावरून बघायची आणि हसायची.

"तुझ्या शिमुनचे दात शाबूत आहेत ना गं अजून?"

"तूच सांग काय चुकतंय."

"मी काय सांगू? घर तुला पक्षाच्या कमिटीनं दिलं. काथवट थोडीच दिली? जिची आहे तिला विचार."

"कुणाला?"

"लिझबेटला." मार्गाचं हसू तिथेच विरलं. मग खालच्या आवाजात तिनं सांगितलं. पंचेचाळीस साली एका सकाळी सैनिक आले आणि गल्लीतली, पिढ्यानपिढ्या इथे राहिलेल्या जर्मनांची सगळी घरं रिकामी केली. लिझबेटचा नवरा आधीच लढाईत गेलेला. घरात ती आणि नऊ वर्षांची लेक, हेडविग. कणीक काथवटीत फुगत होती. पाव भाजून वाटेत खायला घेते, असं ती म्हणाली. नाही म्हणाले. कोपरापर्यंत पीठ लागलेल्या हातांनी ती तशीच गाडीत चढली. छावणीत त्याच हिवाळ्यात तापानं गेली. लेकीला कुणी नातेवाइकांनी जर्मनीत नेलं.

पुढच्या शनिवारी आई सरपण घेऊन परसातल्या खोलीत शिरली, तेव्हा खिडकीशी एक बाई उभी होती. बाह्या वर सारलेल्या, हात कोपरापर्यंत पांढरे. रिकाम्या काथवटीत ती काहीतरी मळत होती. आईकडे बघितलं नाही. आईनं सरपण तिथेच टाकलं आणि धावत सुटली.

बाबांनी आधी तिच्या तोंडाचा वास घेतला. "सकाळी सकाळी राकिया घेतलीस का?"

"तुमची शपथ, शिमुन. पाद्र्याला बोलवा."

"पाद्र्याला बोलावलं, तर कमिटी मला बोलावेल. आणि कमिटीला बोलावलं, तर पाद्री हसत सुटेल. गप बस, डोळ्यांवर झोप असेल अजून."

दर शनिवारी ती यायची. आईला दुसरी भट्टी नव्हती, आणि भुकेलं घर भीतीसाठी थांबत नाही. आधी दारातून, मग उंबऱ्यावरून, मग शेजारी उभं राहून तिनं ते हात बघायला सुरुवात केली. पलीकडची कड उचलून मधे दुमडायची, मनगटाजवळच्या तळहातानं दाबायची, गोळा थोडा फिरवायचा, पुन्हा कड. घाई नाही, धपाधप नाही. आई तिच्या बाजूला उभी राहून तसंच करू लागली.

गव्हाची कापणी आली, तेव्हा आईचा पाव फुगला. अभिमानानं तिनं गरम तुकडा मार्गाला नेऊन दिला. मार्गानं घास तोंडात घातला आणि तिचं चावणं थांबलं.

"हा लिझबेटचा पाव आहे," ती म्हणाली.

उरलेला तुकडा तिनं कुंपणावर ठेवला आणि आत निघून गेली. पुढे कित्येक वर्षं ती आमच्याकडचा पाव खात नसे. वेंडेलांची गाय तिच्या गोठ्यात होती, हे आईला मागाहून कळलं.

मी, रुझा, अठ्ठेचाळीस साली जन्मले. मला ती कधीच दिसली नाही. पण मी तिच्यासोबतच वाढले. शनिवारी मी खोलीत धावत शिरले, की आई म्हणायची, "हळू गं, ती कामात आहे." मग मी खिडकीपासून वळसा घेऊन जायची. अजून घेते. पाय आपोआप वळतात.

एकोणसत्तरच्या उन्हाळ्यात एका गुरुवारी दारात जर्मन पाटीची गाडी थांबली. मी तेव्हा सहकारी संस्थेत नोकरीला लागले होते आणि जेवायला घरी आले होते. गाडीतून तेहतीस-चौतीसची बाई उतरली, चांगला कोट, कापलेले केस. भिंतीकडे बघत उभी राहिली. मग इथल्याच बोलीत म्हणाली, "आमची तुती केवढी मोठी झाली!"

बाई मोठी होती, पण बोलणं लहान पोरीचं होतं. ती नऊ वर्षांची असताना तिची ही भाषा तुटली होती आणि तिथेच थांबली होती.

बाबा दारात हाताची घडी घालून उभे राहिले. "घर सरकारी कागदानं आमचं आहे."

"घर नको मला, काका. मला फक्त बघायचंय. मी हेडविग."

बाबांचे हात खाली आले. आईनं तिला आत बसवलं, कॉफी ठेवली, प्लमचा मुरांबा पुढे केला. मग अचानक, कप हातात धरूनच, ती बोलून गेली, "तुझी आई इथे आहे."

"याका!" बाबा ओरडले.

"आहे तर आहे. लेकीला नको सांगू? परसातल्या खोलीत येते. शनिवारी. तुला भेटायचं असेल तर थांब."

हेडविग हसली नाही, रागावलीही नाही. "डाव्या हाताला काय आहे तिच्या?" तिनं विचारलं.

"करंगळीजवळ भाजल्याचा डाग. पीठ झडलं की दिसतो."

हेडविगनं कप खाली ठेवला. ती थांबली.

शनिवारी सकाळी आईनं तिला काथवटीसमोर स्टुलावर बसवलं. मी भट्टीत काटक्या सारत होते. खिडकीतून ऊन येत होतं. बराच वेळ काही झालं नाही. मग आई पुटपुटली, "आली."

हेडविग ताठ झाली. "कुठे?"

"ही काय. तुझ्यासमोर. हात पोचेल इतकी जवळ."

हेडविगनं हात पुढे केला. हवेत फिरवला. "मला काही दिसत नाही."

"थांब जरा."

"दिसत नाहीये!" ती उठली. "तुम्हाला दिसते? इतकी वर्षं? तुम्ही तिच्या कोण? ती माझी आई आहे, मला का नाही दिसत?"

बाहेर कोंबड्या ओरडत होत्या. हेडविग पुन्हा बसली आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "तिला सांगा ना, मी आलेय म्हणून."

"सांगितलं."

"बघतेय माझ्याकडे?"

आईनं काथवटीकडे बघितलं. मग म्हणाली, "हो. बघतेय. हसली बघ तुझ्याकडे."

आई खोटं बोलली, की तिचा आवाज चढायचा. तो चढला होता. हेडविगनं ओंजळीत तोंड लपवलं आणि खूप रडली. मी आईकडे बघितलं, तर तिचे डोळे दाराकडे सरकत चालले होते. कुणी चालत जातंय आणि आपण पाठमोरं बघतोय, तसे. दाराशी ते थांबले आणि तिथेच राहिले.

त्या दिवशी काय घडलं ते तिनं हेडविगची गाडी गेल्यावर सांगितलं. तिच्या तोंडून खोटं निघालं आणि ते हात थांबले. पहिल्यांदाच. बाईनं ते एप्रनला पुसले, दारातून बाहेर पडली आणि उन्हात गेली.

पुढच्या शनिवारी ती आली नाही. त्यानंतरही नाही.

आईचं काय झालं ते सांगता येत नाही. तिनं भट्टी पेटवली, पाव केला, पण दार कायम उघडं ठेवायची. थंडीतही. बाबा चिडायचे, "इतकी वर्षं तिच्या नावानं घाबरलीस, आता गेली तर रडतेस?"

"लेक आली म्हणून सुटली, की मी खोटं बोलले म्हणून गेली? तेवढं सांगा मला, शिमुन." बाबा टोपी घालून शेतावर निघून जायचे.

वर्षानं हेडविग पुन्हा आली. गाडीतून उतरता उतरताच म्हणाली, "मला वाटलं, माझ्याबरोबर आली असेल. तिकडे माझ्या घरात काथवट आणून ठेवली. नाही आली."

तेव्हा आईनं सांगितलं. उभ्या उभ्या, अंगणात, माझ्यासमोर. "तिनं बघितलं नव्हतं तुझ्याकडे. हसली पण नव्हती. मी खोटं बोलले. तेव्हापासून ती इथेही नाही."

मला वाटलं, आता ही बाई परत गाडीत बसणार. हेडविगनं गाडीचं दार लावून टाकलं. मग म्हणाली, "ठाऊक होतं मला. कणकेत हात असताना आई कुणाकडेच बघायची नाही. मी पडले, रडले, तरी नाही. ते सैनिक दारात उभे होते ना, तेव्हाही तिनं मान वर केली नव्हती. मी ओढलं तिला." तिनं नाक पुसलं. "मला तिचा पाव करता येत नाही. माझी चुलतआत्या वेगळा करायची."

आई तिला आत घेऊन गेली. पीठ घेतलं. पलीकडची कड उचल, मधे दुमड, तळहातानं दाब. हेडविग धसमुसळी होती, पीठ सगळीकडे. आई तिच्या हातांवर आपले हात ठेवून फिरवत राहिली. त्या दिवशीचा पाव एका बाजूनं करपला, तो सगळ्यांनी खाल्ला. संध्याकाळी मार्गाकाकू कुंपणाशी आली आणि हेडविगला म्हणाली, "तुमची गाय चांगली होती गं." हेडविगनं तिला तुकडा दिला. तिनं तो हातातच धरून ठेवला.

हेडविग पुढे बरेच उन्हाळे येत राहिली, मग पायांनी थकली आणि येईनाशी झाली. आई गेली, बाबा गेले. शेवटपर्यंत आईला तिच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही.

आता दुदोवोत निम्मी दारं बंद आहेत. काळी माती तीच, पण मोठ्या यंत्रांचे मालक ती दुरून कसतात, आणि पोरं आयर्लंडला, जर्मनीला. मार्गाकाकूही वारली, तिचा नातू डब्लिनला गेला, त्यांच्या रिकाम्या घराची किल्ली माझ्याकडे असते. अधूनमधून जाऊन खिडक्या उघडायच्या, एवढंच काम.

मागच्या आठवड्यात दुपारी गेले, तर आत मार्गाकाकूच्या चुलीवरचं लोखंडी झाकण सरकल्याचा आवाज आला. मी दारातच थांबले. घरात माणसाचा वास नव्हता, राखेचाही नव्हता. मी जरा मोठ्यानं म्हटलं, "मी रुझा, शेजारची. खिडक्या उघडायला आलेय."

आवाज थांबला नाही. मी आत गेले, चुलीला वळसा घालून, भिंतीच्या कडेकडेनं. दुसरी खिडकी फुगून बसली होती, खांद्यानं रेटून उघडावी लागली.