मुकुटबनचं शून्य

२०१४ च्या जूनमध्ये शाल्मलीने झरी जामणी तालुक्यात आठ पर्जन्यमापकं बसवली. शाल्मली मूळची यवतमाळची. नागपूरच्या रडारवरून गावोगावचा पाऊस अचूक मोजता यावा, म्हणून तिचं संशोधन चाललं होतं. रडारचा आकडा जमिनीवरच्या मापाशी ताडून पाहायचा. मुकुटबनचं मापक पंप दुरुस्त करणाऱ्या गफ्फारभाईंच्या अंगणात होतं. रोज सकाळी साडेआठला ते आकडा फोनवर कळवायचे.

जुलैत रडारने मुकुटबनवर पाचदा चांगला पाऊस दाखवला. गफ्फारभाईंनी पाचही वेळा शून्य कळवलं.

"तुम्ही मापक नीट बघता ना?" तिने विचारलं.

"बघतो ना मॅडम. पानीच नाही पडलं त काय सांगू?"

तिला ते पटलं नाही. माणूस आळशी असणार असं धरून तिने ते आकडे वगळले आणि पावसाचा नकाशा वरिष्ठांना पाठवून दिला.

ऑगस्टमध्ये ती मापक तपासायला आली. मापक ठणठणीत होतं. तेवढ्यात नागपूरहून तिच्या सहकाऱ्याचा, सलीलचा फोन आला, "रडारवर तिथे जोराचा पाऊस दिसतोय. भिजलीस का?"

तिने वर पाहिलं. ढगाखाली पावसाचा राखाडी पडदा लोंबत होता आणि तापलेल्या कोरड्या हवेत अधांतरीच विरत होता. इतक्या लांब येईतो रडारचा किरण दोन-अडीच किलोमीटर उंचीवर गेलेला असतो. त्याला फक्त वरचं पाणी दिसत होतं.

"महिनाभर असंच होऊन राह्यलं," गफ्फारभाई म्हणाले. "लोकायनं दोनदा वावरात सरकी टोबली. दोन्हीदा वाळून गेली."

"मला सांगायचं ना."

"रोज त सांगतलं मॅडम."

शाल्मलीने वगळलेली पाचही शून्यं वहीत परत लिहिली. तिने दुरुस्त अहवाल पाठवला. पण जिल्हा कार्यालयात सरकारी मदतीसाठी दुष्काळी गावांची यादी आधीच्याच नकाशावरून लागली होती आणि त्यात मुकुटबन नव्हतं. तिने त्या कार्यालयाला दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही.

डिसेंबरात प्रकल्प बंद झाला. मापक काढायला ती स्वतः गेली. वाटेत कपाशी गुडघ्याएवढीही नव्हती. गफ्फारभाईंनीच नट सोडवले. त्यांची बायको हुस्नाबी दारात उभी होती.

"यादीचं आता काही होईन का?" तिने विचारलं.

"नाही," शाल्मली म्हणाली. "चूक माझी होती."

हुस्नाबीने मान हलवली आणि ती चहा ठेवायला आत गेली.