वरून पाणी पिणारा रोगी

नळदुर्गजवळच्या माळावर मांडव पडला होता आणि त्यात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मानसरळ महाराज आले होते! कसलीही वाकडी मान दोन्ही हातांत धरायची, जयजयकार करून हिसका द्यायचा, 'कट्ट' आवाज, की मान ताठ. "डॉक्टर हाडं बघतो, आम्ही कर्म बघतो!" महाराज भोंग्यावर गरजत होते. कर्म बघायला एक्स-रे लागत नाही, ही सोयच म्हणायची.

कस्तुराबाई नवऱ्याला घेऊन रांगेत उभी होती. बलभीमला मणक्याचा जुना आजार. सांधे सुजून सुजून मानेची हाडं एकमेकांना चिकटली आणि हनुवटी छातीला टेकली. उभ्या माणसाचं तोंड त्यानं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. सोलापूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं, वर बजावलंही होतं, "मानेला हिसका बसू देऊ नका. अशी मान खडूसारखी मोडते." पण बलभीमनं ऑपरेशनची धास्तीच घेतली. "महाराज कापत तर न्हाईत," हे त्याचं पालुपद.

पुढं पिवळ्या टोपीचा एक गडी होता, त्याचीही हनुवटी छातीला. ऊन मी म्हणत होतं. कस्तुराबाईला कणव आली. नवऱ्यासाठी आणलेली बाटली तिनं पुढं केली. "घ्या दादा, नळीनं प्या."

गड्यानं नळी काढून तिच्या हातात दिली. परक्याची बाटली उष्टी करायची नाही, म्हणून रीतीनं उंच धरली, मान मागं टाकली आणि घटाघटा पाणी प्याला. मग हनुवटी पुन्हा जागेवर नेऊन ठेवली. बाई नळी धरून बघतच राहिली.

थोड्याच वेळात त्याची मान 'कट्ट' झाली. जयजयकार! आता बलभीम पाटावर बसला आणि महाराजांचे हात त्याच्या हनुवटीखाली गेले.

"हात काढा!" कस्तुराबाई ओरडली. "त्यो टोपीवाला तुमी हात लावायच्या आधीच वरून पाणी प्यालाय! माझ्या मालकाला तसा एक घोट पाजून दाखवा, मग करा कट्ट!"

"बाई, शंका घेतली की गुण येत न्हाय!"

"अन् मान मोडली तर? ती कोण जोडणार?"

महाराज गडबडले, हात झटकन मागं घेतले. मांडवातल्या दुसऱ्या कुणाच्या काही ध्यानात आलं नाही, पण जन्माचा खाली बघणारा बलभीम होता ना! "कस्तुरा," तो म्हणाला, "ह्यांच्या बाहीतनं तुराट्या पडल्या बघ."

तुरीच्या वाळक्या काड्या! 'कट्ट' आवाज हाडाचा नव्हता, बाहीत मोडलेल्या ह्या काड्यांचा होता. टोपीवाला तोवर हायवेला लागला होता.

बलभीम आता सोलापूरला जायला तयार झाला. तिथं डॉक्टरांनी सगळं उघड सांगितलं. मानेच्या बुडाशी हाड कापायचं, डोकं हळूहळू वर आणायचं, सळ्या आणि स्क्रूनं बसवायचं. हातपाय लुळे पडायचा धोका आहे, आणि मान सरळ झाली तरी वळणार नाही. बाबांनो, जो आपला धोका आधी सांगतो त्याच्याकडं जा. शंका घेतली की गुण येत नाही म्हणणाऱ्याच्या हातात मान देऊ नका.

ऑपरेशन पार पडलं. वरून पाणी पिणं बलभीमला आजही जमत नाही, नळी लागतेच. पण नळी घेऊन समोर उभी राहिलेली कस्तुराबाई आता त्याला दिसते. पहिल्या दिवशी पाणी प्यायचं सोडून तो तिच्या तोंडाकडं बघत बसला.

"लई वाळलीस की गं," एवढंच म्हणाला.