पाठीवरून फिरणारा अकीक

मित्रांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुमच्या मुठीत लिंबाएवढा एक दगड आहे. आधी गार लागतो, मग हळूहळू तुमच्याच हाताची ऊब घेतो. इतका गुळगुळीत, की गालावरून फिरवावासा वाटतो. तो दगड मी. मी एक जुना अकीक आहे.

अजिंठ्याच्या डोंगराकडच्या एका ओढ्यात मी पडून होतो. एका चित्रकाराने मला उचलले, घासून गुळगुळीत केले आणि म्हातारपणी आपल्या शिष्याच्या, चांदपाशांच्या, हाती दिले. चांदपाशा गुलमंडीच्या बाजारपेठेत राहतात. तळहाताएवढ्या कागदावर बारीक कुंचल्याने मोर, हत्ती, महाल काढायचे, ही त्यांची लघुचित्रांची विद्या. रंगाचा थर वाळला, की चित्र काचेवर पालथे घालायचे आणि त्याच्या पाठीवरून मला फिरवून ते घोटायचे. मग रंग कागदात मुरतो आणि चमकू लागतो. पूर्वी त्यांच्या खोलीत मुले दाटीवाटीने बसत आणि मला हातात घेण्यासाठी भांडत.

पुढे मुले येईनाशी झाली. मी विजेच्या बिलांवर बसून राहिलो. एकदा तर त्यांच्या बायकोने, जोहराबींनी, मला घेऊन लसूण ठेचला. त्या दिवशी चांदपाशा जेवले नाहीत.

मग त्यांच्या नातीने, यास्मिनने, फोनवर क्लास सुरू केला. एकेका चौकोनात एकेक मूल. अकीक कोणाकडेच नव्हता, म्हणून त्यांनी चमच्याच्या पाठीने घोटायचे ठरले.

पडेगावची श्रेया सर्वांत पुढे होती. खूप दिवस खपून तिने एक पोपट रंगवला होता; बाकीच्यांची चित्रे अजून अर्धीच होती. घोटायची वेळ आली. चांदपाशांनी सवयीने आपले चित्र पालथे घातले, पण नेमकी तेव्हाच यास्मिन फोन जवळ सरकवत होती. श्रेयाला दिसला फक्त त्यांचा हात आणि फिरणारा मी. तिने चमचा सरळ पोपटावर फिरवला. हिरवा रंग पंखांवरून आभाळभर पसरला.

“काय गं, पोपट अंघोळ करून आला व्हय?” चितेगावचा सत्यम हसला.

श्रेयाचा चौकोन काळा झाला. पुढच्या वेळीही तो काळाच होता. चांदपाशांनी मला मुठीत घट्ट धरले. असाच एकेक चौकोन विझला, तर मी पुन्हा बिलांवर!

एके दिवशी श्रेया आईबरोबर गुलमंडीत कापड घ्यायला आली आणि जिना चढून आमच्याकडे आली.

“चाचा, मी क्लास सोडते. मला नाय जमत,” म्हणत तिने ते चित्र पुढे केले.

“वरून घासलं व्हय बेटा?”

“तुम्ही तसंच तर केलं!”

“या अल्ला! पालथं घातलेलं तुला दिसलंच नाय?”

मग त्यांनी स्वतःचे अर्धे झालेले मोराचे चित्र काचेवर पालथे घातले आणि मला तिच्या हातात दिले.

“अय्या, एवढासाच? फोनमधी लई मोठा दिसतो!”

“फोनमधी हात दिसतो पोरी, जोर दिसत नाय. निजलेल्या लेकराच्या पाठीवरून हात फिरवतात ना, तसं फिरव.”

“आणि बिघडलं तर?”

“तर माझा मोर पण अंघोळ करील.”

ती खुदकन हसली. कितीतरी वर्षांनी एका लहान हाताची ऊब मला मिळाली. तिने कागद उलटला, तेव्हा मोराचा निळा गळा झळकत होता. क्लास सोडायचे राहूनच गेले.

मित्रांनो, जुन्या वस्तू नुसत्या कपाटात जपू नका. त्यांना पुसा आणि हातात घ्या. आम्ही हातातच जगतो.

काही दिवसांनी श्रेयाने नवा पोपट रंगवला. त्या दिवशी क्लासमध्ये सगळेच पहिल्यांदा घोटणार होते, आणि तिचा चौकोन सर्वांत आधी उजळला. चांदपाशांचा हात चित्राकडे गेला, तोच ती ओरडली, “थांबा चाचा! आधी सगळे माझ्याकडं बघा.”

सत्यमचा चमचा त्याच्या हत्तीवर टेकणारच होता. तो तसाच थबकला. श्रेयाने आपला पोपट कॅमेऱ्यासमोर धरला आणि सगळ्यांना दिसेल असा, अगदी सावकाश, पालथा घातला.