मेणाचा पाय

शेंगा सोलायला बसली की देओलिंदा खुर्ची चुलीपासून दूर भिंतीकडे न्यायची आणि दोन्ही पायांचे तळवे तिथल्या गार दगडाला टेकवायची. घटकाभर बरं वाटायचं. मग दगडच तापल्यासारखा वाटू लागे आणि ती खुर्ची पुन्हा पुढे सरकवी. पांघरुणाचं टोक पायाला लागलं तरी ती कळवळायची. साखरेचा आजार जुना होता, आणि त्यानं पायातल्या नसा खाल्ल्यात, असं दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं. घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही, अशी ताकीद होती. आयुष्यभर कारखान्यात लोकांचे बूट शिवले आणि आता स्वतःच्या पायांना मोजा सोसत नव्हता.

पण आमच्या पेद्रोसेल गावात डॉक्टरांपेक्षा झुल्मिराचा शब्द मोठा. ही देओलिंदाची थोरली नणंद; डोंगरावरच्या देवमातेच्या देवळाची किल्ली तिच्या कमरेला. देओलिंदाची मुलगी ग्रासिएत बाळंतपणात मरणाच्या दारातून परतली, तेव्हा तिचा बाप इलिदिउ नवस बोलला होता, की तीन वर्षं जत्रेत देवमातेच्या पालखीमागं अनवाणी डोंगर चढेन. पहिली जत्रा यायच्या आतच तो गेला. आणि मेलेल्याचा नवस त्याच्या बायकोनं फेडायचा, ही आमची रीत. मेलेल्या बायकोचा नवस नवऱ्यानं फेडल्याचं मात्र मी कधी पाहिलं नाही.

आमच्या चौकात दगडी कोनाडा आहे. स्वर्गात जाण्याआधी पापं जाळून घेणारे आत्मे त्यात रंगवलेत, कमरेपर्यंत ज्वाळांत, हात वर केलेले. तिथं फुलं ठेवून झुल्मिरा रोज भावजयीकडं यायची.

"पाय जळतात म्हणतेस," ती म्हणाली. "जळणारच. माझा भाऊ तिकडं आगीत उभा आणि तू इथं शेंगा सोलतेस. त्याचीच आग आहे ती."

"वन्सं, डॉक्टरीणबाई म्हणतात नसांचं आहे."

"तिचा नवरा नवस बोलला होता का?"

ते बोलणं देओलिंदाच्या मनात रुतून बसलं. पाय पेटले की तिला कोनाड्यातल्या त्या ज्वाळांत इलिदिउचा चेहरा दिसायचा. स्वतःचं दुखणं माणूस एकवेळ सोसेल, पण आपल्यामुळं दुसरा जळतोय हे कसं सोसावं? ग्रासिएतनं परोपरीनं विनवलं, चिडून अबोला धरला. तरी आईनं जत्रेला जायचं ठरवलं.

आणि नवल म्हणजे, ठरवल्यापासून आग कमी होत गेली. उन्हाळ्यापर्यंत तळवे पार शांत झाले. इलिदिउ निवतोय, असं म्हणून ती रडली. शेवटी नसाच जळून मेल्या की आगही कळत नाही, हे तिला कोण सांगणार? ती तर डॉक्टरीणबाईंकडं जायचीच थांबली होती.

ऑगस्टच्या भर उन्हात पालखी निघाली. रस्त्याचं डांबर पाघळलं होतं. नवसाच्या बाकीच्या बायका टाचा उचलत, ओठ चावत चालत होत्या. देओलिंदा मात्र सबंध पाऊल टेकवत, तरण्या पोरीसारखी डोंगर चढली.

"वन्सं, काही होत नाही मला," ती हसत म्हणाली.

झुल्मिरानं तिला मिठी मारली. दोघींनी मिळून दुकानातून मेणाचा पाय घेतला आणि देवळाच्या भिंतीवर टांगला. इतर बऱ्या झालेल्यांचे मेणाचे हात, पाय, छात्या तिथं टांगलेल्या होत्याच. घरी आल्यावर ग्रासिएतला दारापासून खुर्चीपर्यंत ओल्या लाल खुणा दिसल्या. तिनं आईचा पाय मांडीवर घेतला, तर तळव्याची कातडी मोज्यासारखी सुटून हातात आली. देओलिंदा वरून बघत विचारत होती, की एवढं काय झालंय.

उजवा पाय सडला. गुडघ्याखाली कापावा लागला.

इथंच संपलं असतं तरी पुरे होतं. पण कापलेला पाय जळू लागला. जो पाय घरात नव्हता त्याचा तळवा पेटायचा आणि देओलिंदा अंथरूण मुठीत धरून ओरडायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं, यावर गोळ्या आहेत. झुल्मिरा म्हणाली, "पाय गेला तरी आग आहे, म्हणजे भाऊ अजून सुटला नाही. दोन वर्षं राहिलीत. नवस तुझ्याच जिवासाठी होता, ग्रासिएत." ग्रासिएतच्या रक्तातही त्याच हिवाळ्यात साखर निघाली होती. पण आईच्या किंकाळ्या ऐकून ऐकून ती खचली होती. आईच्या जागी अनवाणी डोंगर चढायला ती हो म्हणाली.

जत्रेच्या सकाळी तिनं आईची चाकाची खुर्ची ढकलत मोटारीच्या वाटेनं आधी देवळात नेली, दर्शनासाठी. मग आईसह चौकात परतून पालखीमागं उभी राहिली आणि वाकून बूट काढले. देओलिंदाच्या मांडीवर मेणाचा पाय होता. देवळातून निघताना तो तिनं भिंतीवरून मागून घेतला होता, बरा न झालेला पाय तिथं कशाला म्हणून.

"बूट घाल," ती मुलीला म्हणाली.

"आई, बाबा..."

"घाल म्हणते ना." मग ती नणंदेकडं वळली. "वन्सं, मी त्याच्याबरोबर संसार केलाय. माझ्या पायात काटा मोडला तर जेवण टाकून उठायचा तो. बायकोचा पाय जाळून निवणारा माणूस नव्हता तुमचा भाऊ."

वाजंत्री वाजायची थांबली होती. देओलिंदानं खुर्चीतून वाकून मुलीच्या बुटांच्या नाड्या स्वतः बांधल्या, कारखान्यातल्या सवयीनं, घट्ट. पालखी त्या दोघींना वळसा घालून पुढं गेली. मागच्या रांगेतली एक विधवा मात्र देवळाकडं न जाता कोनाड्याच्या पायरीवर बसली आणि पिशवीतून सपाता काढू लागली.

देओलिंदाचा नसलेला पाय अजून जळतो. गोळ्यांनी थोडा उतार पडतो, काही वेळा तोही नाही. पण आता ती त्या आगीला इलिदिउचं नाव देत नाही, दुखणं म्हणते आणि डॉक्टरीणबाईंना दाखवायला जाते.

देवळाच्या भिंतीवर बाकीचे मेणाचे पाय तसेच आहेत. आम्ही दरवर्षी हात जोडून त्यांच्याखालून जातो. त्यातला कुठला पाय बरा झाला आणि कुठला कापला गेला, हे आम्ही एकदाही विचारलेलं नाही.