एर्सिलियाच्या घरचा गॅस

"सिलिंडर भिंतीमागे घे अजून," लुक्रेसिया म्हणाली. "नळी दिसली तर सगळ्या मेहनतीवर पाणी."

एलिसेओने सिलिंडर मागे ढकलला. लुक्रेसिया कंपनीच्या प्रसिद्धी खात्यातली. तो त्याच कंपनीच्या गॅस केंद्रात झडपा सांभाळणारा. घर मात्र त्याच्या आईचं, एर्सिलियाचं.

कंपनीच्या जाहिरातीच्या फिल्मचं नाव ठरलं होतं, 'देशाचा गॅस, देशाच्या घरात'. गॅस आणणाऱ्या परदेशी जहाजांकडे डोळे लावून बसायचे हिवाळे संपले, असं तिच्यात सांगायचं होतं. ते खोटंही नव्हतं. इथल्या अन्येलो गावाजवळचा खडक फोडून काढलेला गॅस खरोखरच राजधानी ब्वेनोस आयरेसपर्यंत पोचत होता. एर्सिलियाच्या कुंपणालगतच त्याचा नळ गेला होता. पण त्यातला दाब घरगुती शेगडीला झेपणारा नव्हता, आणि तो उतरवायची यंत्रणा चार शेळीवाल्यांच्या घरांसाठी कोण बसवणार?

"मावशी, शेगडी पेटवा आणि हसा," लुक्रेसियाने सांगितलं.

"पेटवताना हसू कशी? भुवया जातील माझ्या."

निळी ज्योत उभी राहिली. एर्सिलिया वाकून बघत राहिली. "धूरच नाही गं," ती हळूच म्हणाली. मग तिने येर्बाच्या चहासाठी किटली चढवली. उतू जाऊन थोडं पाणी सांडलं.

"देशाला काय सांगाल, मावशी?"

"उशिरा का होईना, आलात. बसा."

सगळे हसले. एलिसेओ बुटांकडे बघत होता. गेल्या रविवारी आईने विचारलं होतं, "म्हणजे आपल्याकडे आला गॅस?" आणि तो म्हणाला होता, "आलाच समज." हेच घर का निवडलं, तेही त्याला ठाऊक होतं. कंपनीतला माणूस नाही म्हणणार नाही, म्हणून.

कॅमेरेवाले शेळ्या टिपायला बाहेर गेले. लुक्रेसिया जाता जाता त्याच्या कानाशी म्हणाली, "आमचं आवरलं की शेगडी गाडीत टाक. उद्या दुसऱ्या गावात लागणार आहे."

त्याने खिडकीतून पाहिलं. लाकडं ठेवायच्या आडोशाखाली एक ढलपीसुद्धा नव्हती.

"आई, लाकडं कुठायत?"

"शेजारच्या देलमिराला दिली. एकटी बाई, गुडघे गेलेत तिचे. मला काय करायचीत आता?"

बाहेर जुलैचा, ऐन हिवाळ्यातला वारा पत्रा वाजवत होता.

"आई, शेगडी न्यायचीय."

"का? बिघडली?"

"नाही. त्यांचीच आहे ती."

एर्सिलियाने नळीवरून नजर फिरवत भिंतीमागे डोकावून पाहिलं.

"तुला माहीत होतं."

"हो."

"मला सांगितलं असतंस तरी मी हसले असते रे. तुझ्यासाठी."

तो दाराकडे वळला. "देलमिराकडून आणतो मी लाकडं."

"दिलेलं मागायला जायचं नाही."

"मग संध्याकाळी रानातून तोडून आणतो."

"संध्याकाळी तुझी पाळी आहे ना? जा तू कामावर. देशाला थंडी वाजेल." तिच्या आवाजात टोमणाही नव्हता. असता तर त्याला बरं वाटलं असतं.

गाडीचा भोंगा वाजला. त्याने नळी सोडवली आणि शेगडीला हात घातला.

"थांब."

तिने फडकं ओलं केलं. सांडलेल्या पाण्याचे डाग पुसले, मग बर्नर, मग बटणं, मग खालचे पायसुद्धा.

"दुसऱ्याची वस्तू," ती म्हणाली. "मळकी कशी द्यायची?"

तो शेगडी उचलायचा थांबला होता. तिचं पुसणं संपेना.