दुब्रोव्हनिकची संकष्टी

माझा पाय मुरगळला नसता तर पुढचं काही घडलंच नसतं, असं पियूष अजून म्हणतो. मी म्हणते, त्याने तिकिटाच्या रांगेतून एकदा मागे वळून बघितलं असतं तरी घडलं नसतं. पण नवऱ्याशी असले वाद घालून आजवर कुणाचं भलं झालंय?

जुलैमध्ये आम्ही चौघं क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकला जाणार होतो. मी, पियूष, आमची नऊ वर्षांची स्वरांगी आणि उन्हाळ्यापुरत्या साताऱ्याहून आमच्याकडे आयर्लंडमध्ये एनिसला आलेल्या सासूबाई. समुद्राला चिकटून असलेलं जुनं शहर, त्याच्याभोवती जाड दगडी तट, आणि त्या तटावरून चालत अख्ख्या शहराला प्रदक्षिणा घालायची. एनिसच्या पावसाला मी विटले होते. मला ऊन हवं होतं, चांगलं चटका देणारं. व्हिसा, विमान, राहायची जागा, सगळं मीच जमवलं, आणि निघायच्या आदल्या दिवशी मागच्या दाराच्या ओल्या पायरीवरून मीच घसरले. घोटा टम्म सुजला. "तुम्ही जा, मी राहते," म्हटलं. तोंडावर मोठेपणा आणि मनात नुसत्या शिव्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी सोफ्यावर पाय उंच करून पडले होते. घोट्यावर गोठलेल्या मटारची पिशवी, बाहेर पाऊस. पियूषचा व्हिडिओ कॉल आला. मागे निळाशार समुद्र आणि कौलांचा लाल पसारा बघून माझा जळफळाट झाला.

"बघ, तटावर आहोत आम्ही!" तो ओरडला. घामाने निथळत होता. शेजारी टोपी घातलेली स्वरांगी हात हलवत होती.

"आई कुठायत?"

"येतेय मागून. मी तिकिटं काढत होतो तेव्हा स्वरांगीला सांगून गेली. वॉशरूमला गेली असणार. तिचं तिकीट खाली दारावरच्या माणसाकडे ठेवलंय, हिरव्या साडीतली बाई आली की दे म्हणून."

"आणि तू वर चढून मोकळा झालास?"

"अगं, मागून गर्दीचा रेटा होता. इथे पहिल्याच बुरुजावर सावलीत थांबलोय ना."

"शी'ज कमिंग, मॅम," स्वरांगी मध्येच म्हणाली. "इट्स ग्रँड." आमच्या लेकीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं ते आमच्या क्लेअर परगण्याच्या आयरिश इंग्रजीत, जिथे 'ठीक' म्हणजे 'ग्रँड' आणि आई म्हणजे 'मॅम'.

मला ते ग्रँड वाटलं नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात. इतक्या पायऱ्या त्या चढतील, हेच मला पटत नव्हतं. मी त्यांना फोन लावला. रिंग वाजून वाजून बंद झाली. त्यात नवल नव्हतं. देवळात जाताना फोनचा आवाज बंद करायचा आणि मग आठवडाभर तो चालू करायचा विसरायचं, ही त्यांची पद्धत. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

मन दुसरीकडे न्यावं म्हणून मी फोनवरचे साठलेले निरोप बघू लागले. माहेरच्या ग्रुपवर मावशीने सकाळीच दुर्वा वाहिलेला गणपती पाठवला होता. खाली लाल अक्षरांत, 'संकष्टी चतुर्थीच्या शुभेच्छा'. रोजचे असले फोटो मी न बघताच पुसते. त्या दिवशी मात्र तो दोनदा वाचला.

सासूबाईंना जुना मधुमेह आहे. त्यांची सकाळची गोळी अशी आहे की पोट रिकामं असलं तरी साखर खाली ओढत राहते. मी डॉक्टर आहे, आणि घरच्यांनी आपलं ऐकायचं नसतं हे मला ठाऊक आहे, तरी या एका बाबतीत मी त्यांना बजावलं होतं. उपास असेल तर गोळी नाही, गोळी घेतली तर उपास नाही. "बरं बाई," त्या म्हणाल्या होत्या. आता त्यांच्या "बरं बाई"चा अर्थ मला उमगला. सुनेशी कोण डोकं लावतंय, एवढाच तो अर्थ.

मी पियूषला परत व्हिडिओ कॉल लावला. "आईंनी सकाळी काय खाल्लं?"

"काही नाही बहुतेक. म्हणाली, तुम्ही खा, मी नंतर खाते."

"गोळी?"

"ती घेतली. मीच पाणी दिलं." तो अभिमानाने सांगत होता.

"पियूष, आज संकष्टी आहे. त्यांचा उपास आहे. तिथे चंद्र रात्री अकराच्या आसपास उगवणार. या उन्हात त्यांची साखर उतरली तर त्या रस्त्यात कोसळतील. आत्ता खाली उतर आणि त्यांना शोध."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. पण तो तट म्हणजे एकेरी वाट. वर चढलं की पुढेच जायचं, मागे फिरायचं नाही. तो राखणदाराशी हुज्जत घालत होता ते मला फोनवर ऐकू येत होतं. "युवर मॅन म्हणतोय, उलटं जाता येणार नाही," तो रडवेल्या आवाजात म्हणाला. युवर मॅन म्हणजे तो राखणदार; आयर्लंडात समोरच्या कुणाही बाप्याला असंच म्हणतात.

"त्याला सांग, माझी आई आजारी आहे. हात जोड, पाय धर, काय वाट्टेल ते कर!"

शेवटी राखणदाराने वाट दिली. पुढचा काही वेळ मला फक्त हलणारे दगड, परक्या माणसांची पावलं आणि पियूषचा धापा टाकण्याचा आवाज एवढंच मिळत होतं. खाली दारावरच्या माणसाकडे सासूबाईंचं तिकीट तसंच होतं. हिरव्या साडीतली कुणी बाई आली नव्हती. सासूबाई वॉशरूममध्ये नव्हत्या, कारंज्यापाशी नव्हत्या, चर्चच्या सावलीत पायऱ्यांवर बसलेल्या लोकांत नव्हत्या. पियूष वेड्यासारखा गल्ल्यांत शिरत होता आणि दर कोपऱ्यावर "आई! आई!" ओरडत होता. मी मटारची पिशवी फेकून दिली आणि एका पायावर उभी राहिले. उभं राहून काय करणार होते कोण जाणे. दोन हजार किलोमीटरवर बसून माणसाला आपल्या डॉक्टरकीचा राग येतो. काय होतंय ते सगळं कळतं आणि हात काही पोचत नाही.

"पोलिसांना सांगू?" पियूषने विचारलं.

"सांग. पण आधी स्वरांगीला फोन दे."

स्वरांगीचे डोळे भरलेले होते. "शी सेड शी'ज कमिंग, मॅम. आय स्वेअर."

"मला माहितीये, बाळा. पण आजी काय म्हणाली, ते तिच्या शब्दांत सांग. मराठीत."

"आय डोन्ट..."

"आठव. अगदी तशीच बोलून दाखव."

तिने डोळे मिटले. मग आजीचा हेल जसाच्या तसा काढून म्हणाली, "येते हं मी सोनू. बाबाला सांग."

मी पुन्हा सोफ्यावर बसले. पोरीची काही चूक नव्हती. येते म्हणजे 'कमिंग', शब्दशः बरोबर. आपल्यात जाणारं माणूस 'जाते' म्हणत नाही, 'जाते' म्हणायचंच नसतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्या घरी कोण येतं आणि कोण जातं? शेजारचे लोक 'बाय बाय बाय' करत फोन ठेवतात, तेच ती शिकली. सासूबाईंनी नातीचा निरोप घेतला होता. त्या तटावर येणार नव्हत्याच. बरं वाटेना म्हणून त्या खोलीवर परत गेल्या होत्या, आणि आमची काखेत कळसा अन् गावाला वळसा अशी गत चालली होती.

"पियूष, खोलीवर पळ! आई खोलीवर आहेत. किंवा वाटेत."

खोली तटाबाहेर, चढावर होती. पियूषला पोचायला वेळ लागणार होता. जागा मी ठरवलेली, म्हणून घरमालकिणीचा नंबर माझ्याकडे होता. खालच्याच मजल्यावर राहणाऱ्या नेवेन्काबाई. मी त्यांना फोन लावला. त्यांचं इंग्रजी तुटकं, म्हणून मी एकेक शब्द तोडून बोलले. "वरची म्हातारी बाई. आजारी. दार उघडा. प्लीज!"

त्यांनी आणखी एक शब्द विचारला नाही. फोन हातात घेऊनच त्या जिना चढल्या. दार वाजवलं, पुन्हा वाजवलं. मग किल्लीचा आवाज आला. मी व्हिडिओ चालू करा म्हणून ओरडले.

खोलीत अंधार होता. ऊन येऊ नये म्हणून खिडक्यांच्या लाकडी झडपा लावलेल्या. कोपऱ्यातला दिवा लावल्यावर सासूबाई दिसल्या. पलंगावर आडव्या, साडी घामाने भिजलेली, कपाळाला केस चिकटलेले. डोळे अर्धवट उघडे, पण बघत कुठेच नव्हते. तोंडाने काहीतरी पुटपुटत होत्या.

"ॲम्ब्युलन्स," मी म्हटलं. नेवेन्काबाईंनी आधीच खिडकीतून शेजारणीला हाक मारून सांगितलं होतं. "आणि मध. साखर. काहीही गोड." त्या धावत खाली जाऊन मधाची बरणी घेऊन आल्या. सासूबाईंना कुशीवर वळवून त्यांनी बोटाने मध ओठाशी नेला.

सासूबाईंनी दात घट्ट आवळले.

नेवेन्काबाईंनी पुन्हा प्रयत्न केला. सासूबाईंनी मान फिरवली आणि आता शब्द ऐकू आले. "नको... उपास... चंद्र व्हायचाय..."

सत्तरी गाठलेली ही बाई. स्वतःचं नाव सांगता आलं नसतं त्यांना त्या क्षणी, पण संकष्टी बरोबर लक्षात होती! मला इतका संताप आला, आणि त्याच वेळी इतकी भीती वाटली, की दोन्ही वेगळं करता येईना. साखर अशीच उतरत गेली तर झटके येतील, मग त्या कुणाचंच ऐकणार नाहीत, माझंही नाही. ॲम्ब्युलन्स कधी येईल कोण जाणे.

"फोन त्यांच्या कानाशी धरा," मी नेवेन्काबाईंना म्हटलं. मग घसा खाकरून, रोजच्या जेवायला बोलवायच्या आवाजात म्हणाले, "आई, मी मुक्ता. चंद्र झाला."

त्या थांबल्या.

"झाला?"

"हो. रात्र झालीये. मी बघून आले. आरतीही झाली. हा घ्या प्रसाद, तोंड उघडा."

त्यांनी तोंड उघडलं.

नेवेन्काबाईंनी बोटाने आत गालाला मध लावला. मग पुन्हा. सासूबाई चोखत होत्या, गिळत होत्या. मी श्वास रोखून त्यांच्या गळ्याची हालचाल बघत होते. कितीतरी वेळ काहीच फरक नव्हता. मग त्यांची बोटं हलली. पुटपुटणं थांबलं. डोळे दिव्याकडून नेवेन्काबाईंच्या चेहऱ्याकडे वळले आणि तिथे टिकले. "ह्या कोण?" त्यांनी विचारलं. इतका सुंदर प्रश्न मी आयुष्यात ऐकला नव्हता.

तेवढ्यात पियूष आणि स्वरांगी धडपडत आत आले, आणि पाठोपाठ ॲम्ब्युलन्सची माणसं. बोटाला सुई टोचली गेली. आकडा वाईट होता, पण मरणाचा राहिला नव्हता. स्वरांगी आजीच्या पायांना मिठी मारून हुंदके देत होती. पियूष भिंतीला टेकून खाली बसला होता. ॲम्ब्युलन्समधल्या बाईला उजेड हवा होता. तिने खिडकीच्या झडपा धाडकन उघडल्या.

भर दुपारचं पांढरंफटक ऊन पलंगावर पडलं.

सासूबाईंनी डोळ्यांवर हात धरला. खिडकीकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. मग नेवेन्काबाईंच्या हातातल्या फोनकडे, म्हणजे माझ्याकडे. पन्नास वर्षांत त्यांनी एक संकष्टी चुकवलेली नव्हती, पियूषच्या वेळच्या बाळंतपणातही नाही, आणि मी ती खोटं बोलून मोडली होती.

"मुक्ता," त्या म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण त्यांचाच होता. "इथला चंद्र फारच तापतो गं."

मला रडू फुटलं. सोफ्यावर एकटी, सुजलेला पाय लोंबत सोडून मी मोठ्याने रडले.

"रडतेस कशाला? अजून थोडा मध दे म्हणावं त्या बाईला. चांगला आहे." त्यांनी ओठ पुसले. "गणपतीला मात्र मी सांगणार हो, माझ्या सुनेने मला फसवलं."

"सांगा," मी म्हटलं. "अगदी नाव घेऊन सांगा."