एका वर्षाचे पैसे

कुंडलिकमामांचा धसईच्या बाजारात भाताचा व्यापार होता. कोणी भात विकायला आणलं की ते पोत्याच्या तोंडाकडे बघतही नसत. पोकळ लोखंडी सळई पोत्याच्या पोटात खुपसायची, तळातले दाणे तळहातावर घ्यायचे, एक दाताखाली फोडायचा आणि मग भाव सांगायचा. निदान त्यांना तरी माझं म्हणणं समजेल असं मला वाटलं. म्हणून मी आणि माझा धाकटा भाऊ महादू शहापूरहून निघालो आणि मुरबाडला मोटार बदलून त्यांच्या दुकानी पोचलो.

१९४८ सालचा वैशाख होता. मी गणित घेऊन बी.एस्सी. झाले होते. शहापूरच्या शाळेत सत्तर रुपयांची नोकरी तयार होती. मुंबईत नव्याने सुरू होणाऱ्या संख्याशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रवेशही मिळत होता. शिक्षण दोन वर्षांचं आणि खर्च वर्षाला सहाशे रुपये. वडील नव्हते. एवढी रक्कम देण्यासारखे फक्त मामाच होते.

"संख्याशास्त्र म्हंजे काय गो?" मामांनी विचारलं.

"तुमच्या सळईचं शास्त्र," महादू म्हणाला. "थोडं बघायचं नि सगळं ओळखायचं."

"मग मुंबईला कशाला जाते? माझ्याकडं पोती तपासायला बस म्हणावं तिला."

हौसामामी आतून हसल्या. मी हसले नाही.

"बरं, शिकून पगार किती?"

हाच प्रश्न मी महिनाभर सगळ्यांना विचारत होते. एका प्राध्यापकांनी दिल्लीतल्या एका गृहस्थांचं नाव सांगितलं, पगार चारशे. दुसऱ्यांनीही त्यांचंच सांगितलं. तिसऱ्यांनीही. पोत्याच्या तोंडाशी ठेवलेला तो एकच टपोरा दाणा सगळे मला दाखवत होते. तळातलं कोणी पाहिलं नव्हतं, कारण या वर्गातून अजून कोणी बाहेरच पडलं नव्हतं. बाईला तर असा पगार मिळाल्याचं मला कोणीच सांगितलं नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हणाले. "दीडशे मिळाले तर कर्ज दोन वर्षांत फिटेल. शंभर मिळाले तर चार. तसली नोकरीच मिळाली नाही, तर शाळेत शिकवून सहा वर्षांत फेडीन."

"आणि मधी लगीन झालं तर? पगार सासरचा. मी पैसं कोणाकडं मागू? कागद महादूच्या नावावर करू."

"करा," महादू लगेच म्हणाला. "आमचं शेत कुठं पळून जातंय?"

"नाही," मी म्हणाले. "शिकणार मी, नाव माझं."

"कर्जवाल्या पोरीला स्थळ कोण देईल गो?"

"बघायला येतील त्यांना आधी कागद दाखवा."

मामा म्हणाले, "बरं. तुझ्या नावावर. पण एका वर्षाचं. नव्या माणसाकडून मी आधी एकच पोतं घेतो. ते चांगलं निघालं का बाकीची गाडी."

"मामा, एका वर्षात पदवी मिळत नाही."

"अर्धी मिळंल."

"अर्ध्या पदवीला अर्धा पगार नसतो. काहीच नसतं."

"अर्ध्या पोत्याला अर्धं पैसं मिळतात," मामा शांतपणे म्हणाले. त्यांच्या आवाजात खोडसाळपणा नव्हता. आयुष्यभर ते असंच फायद्यात राहिले होते.

मी पुन्हा समजावलं. पहिल्या वर्षी चांगले गुण मिळाले, तर दुसऱ्या वर्षाचे पैसे नक्की द्याल का, विचारलं.

"बघू."

या 'बघू'ला मी कोणता आकडा देणार होते? डोक्यावर सहाशेचं कर्ज आणि हातात पदवी नाही, याहून वाईट काहीच नव्हतं. आणि माझ्यापुढे नेमकं तेच ठेवलं होतं, प्रेमाने, चहाबरोबर. मी कप खाली ठेवला.

"मग आत्ता नकोत," मी म्हणाले. "दुसऱ्या वर्षाचे पैसे मी आधी शाळेत मिळवते. ते जमले की तुमच्याकडे एका पोत्याचे मागायला येईन. तेव्हा मात्र 'बघू' म्हणायचं नाही."

"तेव्हा नाय म्हणणार. पण तवर तिथं जागा राहील?"

"माहीत नाही."

"तुला माहीत तरी काय असतं गो? आणि म्हणं शास्त्र शिकायचं!"

दारात भाताच्या पोत्यांची गाडी येऊन थांबली. मामा सळई घेऊन उठले आणि पहिल्या पोत्यात त्यांनी ती मुठीपर्यंत घुसवली.

मोटारीची वाट बघत आम्ही रस्त्यावर उभे राहिलो. महादूने हळूच विचारलं, "आक्का, सहाशे जमायला किती दिवस लागतील?"

पगारातून घरखर्च वजा करून मी मनात हिशेब केला. "तीन वर्षं."

"आई तोवर तुझं लगीन लावून देईल."

"ते या हिशेबात धरलेलं नाही," मी म्हणाले आणि रस्त्याकडे बघत राहिले. मोटारीचा अजून पत्ता नव्हता.